पाठीवर बिऱ्हाड, खिशात यूपीआय

पाठपिशवीचं माप हल्ली लिटरमध्ये सांगतात. साठ लिटरची पिशवी, कमरेला एक पट्टा, छातीला एक पट्टा, किंमत आठ-दहा हजार. शिवाय बूट. शिवाय चटकन वाळणारा टॉवेल, जो अंगावरचं पाणीही टिपत नाही. एवढी खरेदी झाली की माणूस कोकणात निघतो. कशाला? पैसे वाचवायला.

आणि राजपुरीच्या धक्क्यावर होडीवाल्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो.

कल्पना मात्र झकास आहे, यात वाद नाही. पाठीवर सामान टाकायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, जमेल तेवढी बेटं बघायची आणि खिशाला फार भोक पाडायचं नाही. त्यासाठी बाली-बिलीला जायला नको. महाराष्ट्राचा किनारा भूगोलाच्या पुस्तकात ७२० किलोमीटर आहे. त्याच्यासमोर खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग अशी रांगच लागलेली. सगळ्यांवर किल्ले. बेटाची हौस आणि इतिहासाचं पुण्य, दोन्ही एका फेरीत.

मग अडतं कुठे?

घड्याळात.

कमी पैशांच्या प्रवासाला भरपूर वेळ लागतो, हे त्या पिशवीच्या सतरा कप्प्यांपैकी एकाही कप्प्यात लिहिलेलं नसतं. आपल्याकडे वेळ किती? शुक्रवारी रात्री निघायचं आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या यंत्रावर बोट टेकवायचं. एवढ्यात कोकण ‘करायचं’. अशाने बजेटची भाषा बोलू नये. सरळ गाडी काढावी आणि माणगावात जाऊन उभं राहावं. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतो आहे. तेव्हा त्यावर मागच्या सीटवर रडणारी पोरं आता पुढच्या सीटवर बसून बापाला नकाशा दाखवतात.

किनाऱ्याने जाणारा रस्ता नाही का? आहे ना. रेवस ते रेडी. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८० च्या सुमारापासून, आपण त्याचं स्वागत करत आलो आहोत. रस्ता बराचसा झाला. पूल राहिले. कोकणात दर पंधरा-वीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते, आणि खाडीशी आली की आपली योजना गाळात रुतते. बाणकोटच्या खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं अर्धवट उभा राहिला, तो काय उगाच?

पण थांबा. पायी हिंडणाऱ्यासाठी ही सरकारी दिरंगाई म्हणजे लॉटरीच आहे.

पूल नाहीत म्हणून फेरीबोटी आहेत. आगरदांडा-दिघी. बागमांडला-वेशवी. दाभोळ-धोपावे. तवसाळ-जयगड. गाडीवाला रांगेत उभा, खिडकीतून मान बाहेर काढून पुढे किती गाड्या आहेत ते मोजतोय. पायी माणूस किरकोळ तिकीट फाडतो, रांग ओलांडून पुढे जातो आणि कठड्याला टेकून उभा राहतो. अख्ख्या कोकणात चारचाकीवाल्याचा हेवा न वाटणारी ही एकमेव जागा. पूल झाले की तीही जाईल. विकास म्हणतात तो हाच.

आता एसटी. तुमच्या ‘बॅकपॅकिंग’वाल्यांना परदेशातले रेल्वे पास तोंडपाठ असतात. कुठला किती दिवसांचा, कुठे चालतो, कुठे चालत नाही, सगळं. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना १९८८ पासून आहे, हे किती जणांना ठाऊक? चार दिवसांचा पास, सात दिवसांचा पास. पास काढा आणि लाल डब्यात बसून चढा-उतरा, कंडक्टर हूं की चूं करणार नाही. योजनेचं नाव मराठी आहे, एवढाच तिचा दोष. ‘महा-एक्सप्लोरर’ असं काहीतरी ठेवलं असतं तर डेपोच्या खिडकीसमोर रांग लागली असती.

बायकांना तर मार्च २०२३ पासून तिकीटच अर्धं. म्हणजे घरातल्या बाईने ठरवलं तर निम्म्या पैशांत गुहागर होतं. पण गाडीचं ठरवणार कोण? नवरा. आणि त्याला एसटी ‘लागते’.

एसटीचं खरं गुपित पासात नाही, वस्तीच्या गाडीत आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघणारी, आडगावच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन रात्री तिथेच झोपणारी आणि पहाटे परत फिरणारी गाडी. तीत बसलात की उद्याची शाळा, आज विकलेली कोंबडी, मुंबईहून आलेलं पार्सल आणि एखादी रुसून माहेरी निघालेली सून, असं सगळं एकत्र भेटतं. उतरल्यावर कंडक्टरच विचारतो, ‘कुणाकडे?’ कुणाकडेच नाही म्हटलं की तोच कुणाचं तरी घर दाखवतो. हे कुठल्या ॲपवर मिळत नाही. मिळायला लागेल त्या दिवशी भाडं दुप्पट होईल.

कोकण रेल्वेचं काय? १९९८ साली पूर्ण झाली, देशाने पाठ थोपटली, आपणही थोपटली. फक्त ती धावते डोंगरातून आणि समुद्र राहतो पश्चिमेला. कुडाळला उतरलात तर मालवण आणखी तीसेक किलोमीटर. खेडला उतरलात तर दापोली तेवढीच, आणि हर्णै त्याच्याही पुढे. जनरल डब्यातून अख्खा जिल्हा पार करायला जे पडत नाही ते स्टेशनबाहेरचा रिक्षावाला शेवटच्या टप्प्याला मागतो. त्याला दोष देऊ नका. तुमच्या पाठीवरची पिशवी कितीची आहे, ते त्याला तुमच्यापेक्षा आधी कळतं.

बेटांकडे वळू. तिथे घड्याळही चालत नाही, तिथे पंचांग लागतं.

अलिबागचा कुलाबा किल्ला हे आपल्या किनाऱ्यावरचं सगळ्यांत स्वस्त बेट. ओहोटीला चालत जायचं, होडीचा खर्च शून्य. पण ओहोटी केव्हा? किनाऱ्यावरच्या कुणाही जाणत्याला विचारा, तो तिथी विचारेल. तिथीच्या पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार. त्यानंतर साधारण सहा तासांनी पाणी तळाला. म्हणजे साडेदहाला पोहोचलात तर पाय भिजवून परत याल. दीडला गेलात तर हातात बूट धरून काठावर उभे राहाल आणि घोडागाडीवाल्याला दर विचाराल.

हे गणित पहिलीतलं पोर करेल. आपण त्यासाठी मोबाइलला रेंज शोधत बसतो.

त्यातही समुद्राचा खडूसपणा बघा. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी बाराला, अगदी सोयीची. पण ती भांगाची, पाणी मागे सरकायला का-कू करतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं, पण पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पहाटे सहाला आपण गादीत. संध्याकाळी सहाला काळोख उंबऱ्यावर. शनिवार-रविवारवाल्यांचा विचार चंद्राने केलेला दिसत नाही.

जिथे चालत जाता येत नाही तिथलं अर्थशास्त्र वेगळं. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात, माणसं भरली की निघतात, तिकीट डोईवर. खांदेरीला तसं नाही. थळच्या किनाऱ्यावर होडी सांगावी लागते, आणि भाडं डोक्यावर पडत नाही, होडीवर पडतं. एकटे गेलात तरी तेवढंच, दहा जण गेलात तरी तेवढंच. म्हणजे एकांताच्या शोधात मुंबईहून पळालेल्या गड्याला थळच्या वाळूत आधी नऊ माणसं शोधावी लागतात.

सापडतातही. तीही एकांतच शोधत असतात.

खांदेरीवर जावं मात्र जरूर. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तिथे बांधकाम काढलं आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. वेताळाचं देऊळ आहे, १८६७ चं दीपगृह आहे आणि एक दगड आहे. त्या दगडावर लहान दगड आपटला की भांड्यावर पळी मारल्यासारखा टण्ण आवाज येतो. तुमच्यासोबतची नऊच्या नऊ माणसं तो वाजवतात. प्रत्येक जण व्हिडिओ काढतो. एकाच्याही व्हिडिओत समुद्राचा आवाज नसतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही आपली तीन बेटं. आनंद आहे. पेढे वाटून झाले. आता तिथे चढ-उतार करायला बरी पायरी, प्यायला पाणी आणि आडोशाला एक शौचालय, एवढं जागतिक दर्जाचं झालं तरी पुरे. की त्यासाठी वेगळी यादी आहे?

होडीतला संवाद ठरलेला. ‘किती वेळ मिळणार?’ ‘पाऊण तास.’ ‘एवढ्या मोठ्या किल्ल्याला पाऊण तास?’ होडीवाला काही बोलत नाही. त्याला माहीत असतं, वीस मिनिटांत सगळे सावलीत येऊन बसणार आहेत.

मालवणचा सिंधुदुर्ग बघा. कुरटे बेटावर १६६४ साली पाया घातला, तीन वर्षांत किल्ला उभा केला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. समुद्रात गोडं पाणी शोधून त्याभोवती तट बांधणारी ती माणसं, आणि वीस रुपयांच्या बाटलीचे तीस का घेतले म्हणून तिथेच भांडणारी ही माणसं. वंशावळ एकच सांगतात दोघांची.

त्या बाटलीवाल्याकडे मालही होडीतून येतो, हे भांडताना सुचत नाही.

आणि पैसे रोख ठेवा. ‘स्कॅन करू का?’ हा प्रश्न बेटावर विचारला की समोरची म्हातारी फलक दाखवते, तुमचा मोबाइल गोल गोल फिरतो आणि नारळ तोवर प्यायलेला असतो. वीस-वीसच्या दहा नोटा खिशात असल्या तर अर्धी भांडणं होत नाहीत. पण मग बजेट प्रवासाची गंमत काय राहिली?

देवबागला तर बेटही ताजं मिळतं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक पट्टा आहे, त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. २००४ च्या त्सुनामीने वर आलं, असं सांगतात. त्सुनामीचा तडाखा मुख्यतः पूर्व किनाऱ्याला, बेट उगवलं पश्चिमेला. असेना का. भरतीला ते बुडतं, ओहोटीला वर येतं, आणि वर आलं की त्याच्यावर चहा, भजी आणि बनाना राइड. गिऱ्हाईक बघून वर येणारा हा जगातला एकमेव भूभाग असावा.

तिथल्या बोटवाल्याकडे सगळं ‘पॉइंट’मध्ये असतं. डॉल्फिन पॉइंट, संगम पॉइंट, सीगल पॉइंट. डॉल्फिन दिसला नाही तर? ‘काल होते.’ कोकणातले डॉल्फिन कायम काल असतात.

स्कूबाचीही तीच तऱ्हा. तोंडात नळी, मागून मानगूट धरलेला प्रशिक्षक आणि भोवती मासे. मासे तुमच्यावर बेहद्द खूश दिसतात. ते बहुधा प्रशिक्षकाच्या मुठीतल्या खाऊवर खूश असतात. वर आल्यावर व्हिडिओ मिळतो. सगळ्यांच्या व्हिडिओत तेच मासे, फक्त मानगूट वेगळी.

आता राहण्याचं. किनाऱ्याच्या कुठल्याही गावात शिरा, पाटी दिसतेच. ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय होईल.’ पडवीच्या बाजूची खोली, पंखा, न्हाणीघरात बंबातलं पाणी आणि सकाळी घावणे-चटणी. दर विचारावा आणि मुकाट द्यावा. पण नाही. बजेटवाल्याला खोलीत बजेट दिसत नाही, तंबूत दिसतं. त्याच काकूंच्या वाडीत, त्याच माडाखाली तंबू ठोकलेला असतो. त्याचं भाडं खोलीपेक्षा जास्त. पंखा नाही म्हणून जास्त, डास आत येतात म्हणून जास्त, टाकीवरच्या नळाखाली अंघोळ म्हणून आणखी जास्त. गैरसोय विकता येते, हे काकूंना कळायला थोडा वेळ लागला. आता त्यांच्या वाडीत सहा तंबू आहेत.

‘एवढ्यात थायलंड होतं हो काकू,’ असं एक जण हिशेब करताना बोललाच.

‘मगे थंयच जावा,’ म्हणाल्या, आणि सोलकढी वाढली.

जेवणात पैसे वाचतात ते न वाचवण्याचा हट्ट सोडला तर. सुरमई, पापलेट, कोळंबी हे तीन शब्द तोंडातून काढले की ताटाचा भाव समोर येतो आणि खाली बारीक अक्षरात ‘दर हंगामाप्रमाणे’. बांगडा मागा. पेडवे मागा. काकूंच्या घरात त्या दिवशी जे शिजलंय ते मागा. पण मुंबईचा माणूस मालवणात येऊन बांगडा खाणार? मग लोकांना फोटो काय दाखवणार?

काही हुशार मंडळी पावसाळ्यात येतात. खोल्या निम्म्या भावात, किनारा रिकामा, हिरवं कंच. आल्यावर कळतं की मेअखेर ते ऑगस्टअखेर किल्ल्यांच्या होड्या बंद, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद. किल्ला समोर दिसतो, जाता येत नाही. ताटात डाळ येते, सुरमई मागवता येत नाही. मग ‘सर्व्हिस चांगली नाही’ म्हणून एक तारा. समुद्राला थेट तारे देता येत नाहीत, म्हणून काकूंना.

एक ठिकाण मात्र या सगळ्याला पुरून उरलंय. मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणविसांचं गाव. उन्हाळ्याच्या तोंडाला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. राहायला गावातली घरंच, जेवण गावातलंच, गाजावाजा कमी. पहाटे गर्दी जमते, दोरीपलीकडे सगळे उकिडवे बसतात आणि माणूस घरट्यावरची टोपली उचलतो. कधी खाली वळवळ असते. कधी नुसती वाळू. ‘आज नाहीत,’ एवढंच तो म्हणतो आणि टोपली परत ठेवतो. पुण्याहून रातोरात गाडी हाकून आलेले एक गृहस्थ विचारतात, ‘मग आम्ही आलो कशाला?’

कासवांना त्यांचा निरोप मिळाला नसावा.

मुंबईकरांना एवढंही नको असेल तर घारापुरी आहेच. गेटवेहून तासभर लाँच. सोमवारी लेणी बंद, तरी सोमवारी धक्क्यावर जाऊन चिडणारे असतातच. या बेटाला समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समोर दक्षिण मुंबईचा झगमगाट, मधे दहाएक किलोमीटर पाणी, आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं जनरेटरच्या भरवशावर. तिथल्या लोकांनी हे दिवस काढले ते कुठल्याही पाठपिशवीशिवाय. पर्यटकाला तिथे रात्री मुक्काम नाही, शेवटच्या लाँचने परत. बरं आहे. नाहीतर तिथेही तंबू आले असते.

आणि किनारा उतरत उतरत रेडीच्या खाली गेलात, तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरलात, तर एक शेवटची टीप. गोव्याच्या सरकारी फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभे राहा, मांडवीतून फेरीबोट दिवाडी बेटावर नेते. रायबंदरहून चोडणला जा, तिथे खारफुटीत सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्याचं तिकीट काढावं लागतं, पण बेटावर जायला दमडी लागत नाही. जुनी घरं, भातशेती, सायकलवरचा पोदेर म्हणजे पाववाला आणि दुपारी चिडीचूप रस्ते. गोव्यात गर्दी नसलेलं बेट, तेही फुकटात!

गर्दी का नाही? कारण तिथे बीच नाही. त्यामुळे हे वाचून तिकडे कुणी जाणार नाही, याची मला पक्की खात्री आहे. त्याशिवाय का मी पत्ता छापला?